विसूमास्तरांचं उन्हाळी सुतक

तीस-बत्तीस सालच्या सुमाराला, एका मे महिन्यात, मी एका जिवंत माणसाच्या घरी त्याच्या मरणाचा समाचार घ्यायला गेलो. गाव बरोबर होतं, घर बरोबर होतं, रडवेला चेहराही मला चांगला जमला होता. चुकलं एवढंच की ओटीवर तो मेलेला माणूसच बसला होता.

हा प्रसंग मी आजवर पुष्कळांना हसवत सांगितला आहे. पण सांगून झाला की अलीकडे तोंडाला कडवट चव येते, कारण त्याच्या पुढे जे झालं ते मी नेहमी गाळतो. आज गाळत नाही. गोष्ट तशी माझी नाहीच, विसूमास्तरांची आहे.

काशीदच्या पुढे, डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत आमचं गाव होतं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि बहुतेक तशीच आहेत. शाळा एकाच खोलीची. विसूमास्तर हेडमास्तर, मी असिस्टंट, आणि चार इयत्तांची मिळून नव्वदेक पोरं. दोन इयत्ता माझ्याकडे होत्या असं कागदावर होतं. खरं म्हणजे माझा आवाज दुसऱ्या ओळीपलीकडे जात नसे, त्यामुळे माझ्या दोन इयत्ताही मास्तरच आपल्या जागेवरून हाकत.

बारीक अंगाचा माणूस, मान लांब, कंठमणी मोठा. आवाज कर्कश नव्हता, पण लांब जायचा. पावकी-निमकी सुरू झाली की खाडीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. कोळी म्हणत, मास्तरांचा पाढा कानावर आला की होडी आत घ्यायची. मास्तरांना या कौतुकाचा वीट आला होता. "आवाज सरकारच्या मालकीचा आहे," ते म्हणत. "मला शाळेपुरता वापरायला दिलाय. गावाला वाटतं गावचाच आहे."

शाळेपुरता तो जपायची त्यांची एक युक्ती होती. घरून निघताना ते तोंडात पाण्याचा मोठा घोट धरत आणि तो तसाच घेऊन पाऊण मैल चालत. शाळेच्या दारात जास्वंदीच्या मुळाशी तो टाकला की मगच तोंड उघडायचं. वाटेत कोणी हाक मारली की फुगलेल्या गालांनी मान हलवायची. एकदा खोतांच्या कारभाऱ्यानं त्यांना पाणंदीत गाठून अर्धा तास कसल्याशा अर्जाचा मजकूर सांगितला. मास्तर अर्धा तास मान हलवत उभे. कारभारी शेवटी म्हणाला, "मग लिहून देता ना?" मास्तरांनी शांतपणे पाणी बाजूला टाकलं, म्हणाले, "शाळेची वेळ झाली," आणि निघून गेले. कारभाऱ्यानं गावभर सांगितलं, मास्तर माझ्या पायाशी थुंकले.

ती जास्वंद मात्र बारमाही फुललेली असे.

आता सुट्टीचं सांगतो. एप्रिलच्या अखेरीला शाळा बंद झाली की गावाला वाटे, दोन मास्तर मोकळे झाले. मोकळे म्हणजे कोणीही दावं धरून न्यावं असे. वैशाखात घरोघर लग्नं. कुंकवाचं बोट लावलेल्या पत्रिका लिहायच्या त्या मास्तरांनी. पंगतीत वाढायचं मास्तरांनी. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना देऊळ दाखवायचं मास्तरांनी, आणि पाहुण्यांच्या पोराचं गणित कच्चं निघालं तर तेही पक्कं करायचं. कपाळाला आठी दिसलीच तर ठरलेलं वाक्य तयार असे: "मास्तर, तुम्हाला काय, सुट्टीच आहे."



माझी पहिली सुट्टी तर मी स्वतःच्या मूर्खपणानं घालवली. खोत, आबासाहेब, शाळा कमिटीचे चेअरमन. एक दिवस मला म्हणाले, "तुमच्यासारखा शिकलेला माणूस जवळ असला की बरं वाटतं हो." मी फुगलो. तो सबंध मे महिना मी शिकलेला माणूस त्यांच्या मागल्या पडवीत बसून साठं घालायला फणस फोडत होतो. जून उजाडला तरी माझ्या बोटांचा चीक सुटला नव्हता. शाळेच्या पहिल्या दिवशी खडू बोटाला चिकटला तो निघेना. मास्तर माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "सुट्टी म्हणजे शाळा बंद, मास्तर चालू. गाय भाकड असली की तिच्याकडे कोणी दूध मागत नाही. तेवढं नशीब आपल्याला नाही."

त्यांच्याकडे तर गाव याहून मोठी गोष्ट मागे: मंगलाष्टका. एकदा त्यांचा आवाज मांडवात घुमला होता, आणि तेव्हापासून त्यांच्याशिवाय कोणाचं लग्न लागल्यासारखं वाटेना. एका वैशाखात त्यांनी सोळा लग्नं लावली. भटजी वेगळे, पण गळा मास्तरांचाच. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाढ्याऐवजी गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. मुरूडच्या वैद्यांनी आरशानं घसा पाहिला आणि म्हणाले, आत गाठी धरताहेत. दर साली सुट्टीत महिना सव्वा महिना संपूर्ण मौन पाळा, नाहीतर एक दिवस आवाज जाईल तो परत यायचा नाही. मास्तरांच्या पेन्शनीला तेव्हा दहा वर्षं होती. मुक्या मास्तराला सरकार ठेवत नाही.

हे मला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. मास्तरांनी दोन सुट्ट्या हात जोडून प्रत्येकाला सांगितलं. माणसं फार प्रेमळ. कोणी मध पाठवला, कोणी आल्याचा काढा, आणि काढ्याचं भांडं परत न्यायला आलेला गडी मुहूर्ताची वेळ सांगून जाई.

फक्त एक माणूस निराळा निघाला. हसन नाखवा. त्याचे दोन मुलगे बोटीवर होते आणि त्यांची पत्रं मास्तरच वाचून दाखवत. मेमध्ये आलेली पत्रं तो फडक्यात बांधून ठेवी. मी एकदा म्हटलं, आणा, मी वाचतो. तर म्हणाला, "नको. पोरांचा खत मास्तरांच्या तोंडून आयकायची सवय हाय. शाला उघडंल तवा आयकू. खत काय नासत न्हाय." साऱ्या गावात सुट्टी या शब्दाचा अर्थ कळलेला तो एकटा, आणि त्याला अक्षरओळख नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून मास्तरांचे भाऊबंद मरायला लागले.

पोस्टातून कोपरा फाडलेलं कार्ड यायचं. कोपरा फाटका दिसला की वाचायच्या आधीच कळे. चुलतभाऊ, चुलत-चुलतभाऊ, कोणी दिवेआगरचा, कोणी श्रीवर्धनचा. सुतक दहा दिवसांचं. सुतकी माणसाला मांडवाच्या आसपास कोण फिरकू देणार? त्याच्या हातची पत्रिका कोण घेणार? मास्तर बोडक्या डोक्यानं, दाढी वाढवून ओटीवर भिंतीला टेकून बसत. डोळे मिटलेले. कोणी समाचाराला आलं तर नुसती मान हलवत. शेजारची कोळीण माझ्याशी हळहळली, "मास्तरांना लई लागलाय वो. तोंडातून शबूद फुटत न्हाय." दहा दिवस संपत आले की दुसरं कार्ड येई.

मला यात काही खटकलं नाही. माझी हुशारी तेवढीच. उलट मी वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, म्हणालो, "तुमच्या घराण्याला उन्हाळा सोसत नाही वाटतं." वहिनी पदराआड तोंड करून आत गेल्या. मला वाटलं, रडताहेत.

तर त्या वर्षी श्रीवर्धनचे दत्तोपंत गेल्याचं कार्ड आलं. त्याच सुमारास खोतांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. मागल्या पडवीत फणस येऊन पडले होते आणि मला निरोपही आला होता. मी म्हटलं, आपणही कोणाच्या तरी मरणाचा फायदा घ्यावा. मास्तरांच्या वतीनं समाचाराला जाऊन येतो असं खोतांकडे कळवलं आणि निघालो. मास्तरांना विचारलं नाही. परत आल्यावर सांगू, त्यांना भरून येईल, असा माझा बेत.

आगरदांड्याहून होडीनं दिघी, पुढे बैलगाडी. श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीतलं घर सापडलं. ओटीवर झोपाळ्यावर एक गोरेसे गृहस्थ अडकित्त्यानं रोठा सुपारी कातरत बसले होते.

"दत्तोपंतांचं घर हेच ना?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"हेच."

"फार वाईट झालं."

"काय झालं?"

"दत्तोपंत गेले ते."

"कुठे गेले?"

"म्हणजे... वारले."

अडकित्ता थांबला. "केव्हा?"

"मागल्या मंगळवारी. विसूमास्तरांना कार्ड आलं."

"कोपरा फाडलेलं?"

"हो."

"अक्षर कसं होतं?"

"वळणदार होतं."

"मग माझंच," ते म्हणाले. "या, वर या. मीच दत्तोपंत."

मी पायरीवरच बसलो. त्यांनी आत हाक मारली, "अहो, माझ्या समाचाराला कोणी आलंय, पन्हं आणा." मग झोपाळ्याला एक झोका देऊन सगळं सांगितलं. मास्तर दर वर्षी परवानगी विचारत. भाऊबंदांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. "खोटं मरण उठलं की आयुष्य वाढतं म्हणतात," दत्तोपंत म्हणाले. "मी तीनदा गेलोय, आधी दोनदा दुसऱ्या नावानं. दर खेपेला अन्न जास्त जातं."

"पण त्यांनी सरळ नाही म्हणावं की," मी म्हणालो.

दत्तोपंतांचा चेहरा बदलला. "म्हणून पाहिलं की त्यानं. घसा गेला म्हटलं तर तुमचा गाव काढा पाजून गायला उभा करतो. भाऊ मेला म्हटलं तरच लांब राहतो. तुम्हीच सांगा, अशा गावात माणसानं विश्रांती घ्यायची कशी?" नंतर माझ्याकडे रोखून पाहिलं. "आजपावेतो कोणी इथवर आलं नव्हतं. हे पोटात ठेवा. त्याच्या आवाजाचा प्रश्न आहे."

मी जानव्याला हात लावून शपथ घेतली. मग आमरसाचं जेवण जेवलो आणि दत्तोपंतांनी स्वतः लावून दिलेला विडा तोंडात टाकला. इतका सुरेख विडा की निघताना दुसरा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दिघीच्या धक्क्यावर होडीत चढलो तर समोर आबासाहेब खोत. पलीकडच्या राहिलेल्या नातलगांना अक्षत देऊन परत येत होते. मला बघून त्यांनी सरकून जागा दिली.

"आलात समाचार घेऊन?"

"आलो."

"मंडळी फार दुःखात असतील."

"फार," मी म्हणालो.

होडी खाडीच्या मध्यावर आली तरी ते माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याकडे नव्हे, जरा खाली. मग अगदी गोडीनं म्हणाले, "मास्तर, सुतकाच्या घरात हल्ली विडा देतात का?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझे ओठ लाल आहेत. दुसरा विडा मी धक्क्यावरच खाल्ला होता. विडा वाटेत घेतला म्हणायचं, तेवढं पुरे होतं. दिघीच्या धक्क्यावर पानवाला होता, मला डोळ्यांसमोर दिसतही होता. पण मला खोटं नीट बोलता येत नाही आणि खरं वेळेवर गिळता येत नाही.

"मी नको म्हणत होतो," मी म्हणालो, "पण ते ऐकेनात."

"कोण ऐकेनात?"

"दत्तोपंत."

होडीवाल्यानं वल्हं मारायचं थांबवलं. खोत हसले नाहीत. त्यांनी नुसती धोतराची निरी नीट केली.

मास्तरांना आधी गाठावं म्हणून मी आगरदांड्याहून जवळजवळ धावत निघालो. पण खोतांची गाडी उभी होती. मी पोचलो तेव्हा ते चौघांना घेऊन मास्तरांच्या ओटीवर बसलेले. मास्तर भिंतीला टेकलेले, दाढी वाढलेली, मौनाचा अकरावा की बारावा दिवस. त्यांनी माझ्या ओठांकडे एकदा बघितलं. रागावून नव्हे. फळ्यावरचं चुकलेलं गणित ओल्या फडक्यानं पुसण्याआधी बघत तसं.

"अभिनंदन," खोत म्हणाले. "भाऊ उठून बसला म्हणे. मग सुतक कसलं? उद्या गोरज मुहूर्त आहे. पाच अष्टका, पाव घटकेचं काम. तुम्हाला काय, सुट्टीच आहे."

मास्तरांनी पाटी ओढली, लिहिलं, 'वैद्यांनी मना केलं आहे,' आणि ती फिरवून पुढे धरली. खोतांनी सावकाश वाचली. म्हणाले, "हे खरं कशावरून? हाही कोणी भाऊच असेल." चौघे हसले. मग आवाज तितकाच मऊ ठेवून त्यांनी विचारलं, खोटी सुतकं पाळणारा मास्तर पोरांना काय शिकवतो असं शाळा तपासायला आलेल्या डिपोटींनी विचारलं, तर चेअरमन म्हणून मी काय सांगू?

वहिनी दाराशी आल्या. म्हणाल्या, "आबासाहेब, त्यांचा घसा खरंच..." पण मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि खोतांकडे बघून होकाराची मान हलवली.

ते लग्न मी विसरू शकत नाही, आणि विसरलो तर बरं होईल. मांडवात धूप, घाम, सुकलेली तोरणं आणि कढत तेलाचा वास. अंतरपाट धरला. मास्तरांनी दाढी केली होती, स्वच्छ उपरणं घेतलं होतं. पहिली अष्टका अशी निघाली की बाहेरची गडीमाणसंही गप्प झाली. दुसरीत एक चरण जरा खरडला. तिसऱ्या अष्टकेच्या मध्यावर आवाज थांबला. तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि बाहेर नुसती हवा येत होती. मागून एक बाई म्हणाली, "मास्तरांना भरून आलं बघा." माणसांनी कौतुकानं माना डोलावल्या. कोणाला पाणी द्यायचं सुचलं नाही. मलाही नाही.

उरलेल्या अष्टका खोतांनी मला म्हणायला लावल्या. माझा आवाज ऐकून नवरदेव हसला, पोरं हसली, भटजींनी घाईघाईनं सावधान म्हणून टाकलं. अक्षता पडल्या आणि त्याच क्षणी सगळा मांडव पंगतीकडे वळला. पाच मिनिटांत त्या आवाजाची जागा जिलबी-मठ्ठ्यानं भरून निघाली. मास्तर एका खांबाला धरून उभे होते. मी त्यांच्याकडे जायचं म्हणून निघालो, तेवढ्यात कोणी तरी माझा हात धरून पानावर बसवलं. मी सात जिलब्या खाल्ल्या. लाज वाटली की मला भूक जास्त लागते.

शाळा उघडली तरी आवाज परत आला नाही. जूनमध्ये मास्तर छडीनं फळा ठोकून शिकवू लागले. पहिले चार दिवस पोरं घाबरली, पाचव्या दिवशी ती छडीच्या तालावर नाचायला लागली. हसन नाखवा उन्हाळ्यातली पत्रं घेऊन आला, मास्तरांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि ती तशीच बांधून परत घेऊन गेला. मी मागे धावलो, वाचून देतो म्हणालो. "नको," तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे." दिवाळीआधी डिपोटी आले. तपासणी फार वेळ चालली नाही. मास्तरांना पेन्शनीच्या चार वर्षं आधी घरी बसवलं आणि त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. खोतांनी माझ्या गळ्यात हार घातला. मी तो घालून घेतला.

मास्तर वहिनींना घेऊन श्रीवर्धनला गेले. दत्तोपंतांच्या वाडीत सुपारीची राखण करायचं काम भावानं भावाला दिलं होतं. त्यानंतर दर मे महिन्यात मी होडीनं तिकडे जायचा शिरस्ता ठेवला. प्रायश्चित्त म्हणून जातो असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे हेडमास्तर झाल्यावर खोतांचे फणस, पत्रिका, पाहुणे सगळंच माझ्यावर आलं होतं, आणि ते गाऱ्हाणं ऐकून घेणारा दुसरा माणूस मला साऱ्या जगात नव्हता.

शेवटचा गेलो ते सदतीस साली. वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं, सुपारीच्या झावळ्यांतून ऊन तुकड्यातुकड्यांनी खाली येत होतं. मास्तर आळ्याच्या कडेला बसून माती सारत होते. अंगावर मांस आलं होतं, चेहरा उजळला होता. मी समोर बसलो आणि चार वर्षांची सवय होती तसा बोलत सुटलो. खोत काय म्हणाले, त्यांच्या जावयाला धक्क्यावरून आणायला मला कसं पाठवलं, सुट्टीचे चौदा दिवस कसे गेले. मास्तर माती सारत होते. मध्येच मान हलवत होते. बोलता बोलता माझे डोळे भरले. मी म्हणालो, "मास्तर, तुमचा आवाज माझ्यामुळे गेला. एक शिवी तरी द्या, पाटीवर लिहून द्या."

ते उठले. हात धुतले, माझ्याकडे बघून नीट हात जोडले आणि पाट ओलांडून वाडीच्या पार पलीकडच्या टोकाला गेले. पाठ दिसत होती, मग झाडांत तीही दिसेना.

वहिनी मला पोचवायला बेड्यापर्यंत, वाडीच्या फाटकापर्यंत, आल्या. मी म्हणालो, "वहिनी, जन्माचं मौन लादलं मी त्यांच्यावर."

"मौन कसलं, भावजी?" वहिनी म्हणाल्या. "थोडा आलाय आवाज त्यांचा. हळू बोलतात, पण पहाटेपासून बोलतात माझ्याशी, दत्तूभावजींशी. तुमची होडी लागली असं कळलं की गप्प होतात, ते तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी तोंड उघडतात. वर्षाचे बाकी दिवस त्यांना सुट्टीच आहे. तेवढं तुमचं येणं बंद करा."